करड्या स्वेटरचं डावं कोपर

आजी जाऊन तीन आठवडे झाले, तरी दुकानात अकरा कपडे तिची वाट बघत लटकत होते.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची एक खोली. डाव्या हाताला बूट दुरुस्त करणारे काका, उजव्या हाताला औषधांचं दुकान, आणि मधोमध रफू करणारी आजी. खिडकी एकच, पण उत्तरेची. त्या खिडकीवर भाळूनच आजीने चाळीस वर्षांपूर्वी ही जागा घेतली होती. उत्तरेचा उजेड दिवसभर रंग बदलत नाही, त्यात काळा दोरा काळाच दिसतो आणि गडद निळा निळाच, असं ती म्हणायची. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याला खिडकीशी उभं करायची. "बघा, इतकी वर्षं काळी म्हणून घालताय ना ही पँट? तपकिरी आहे ती."

"जसे आहेत तसे देऊन टाक," बाबा नातीला म्हणाले. ते वायरमन होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, चालू आणि बंद. "झालेले झाले, राहिलेले राहिले. म्हातारं माणूस होतं, कोण काय बोलणार आहे?"

नातीने कपडे थैलीत भरायला घेतले. कोणी काही बोलू नये एवढ्यासाठी तिने गेलं अख्खं वर्ष काय केलं होतं, ते बाबांना माहीत नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे कोणालाच माहीत नव्हतं. आजीचं नाव शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं आणि ते आपण राखलं, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर ती हे तीन आठवडे उभी होती.

आजी तिला शंकासूर म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. पाच वर्षांची असताना ती स्टुलावर चढून आजीचं काम बघत बसायची. एकदा आजीने कोणाच्या तरी बाहीवरचं जळकं भोक असं बुजवलं, की पोरगी बाही उलटीपालटी करून थकली. "भोक गेलं कुठे?" तिने विचारलं.

"कुठेही गेलं नाही. तिथेच आहे."

"मग दिसत का नाही?"

"त्याच्यावर कापड विणलंय म्हणून. भोक जात नसतं गं शंकासुरा. ते आपल्या जागी असतं."

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ वरून लावतात आणि ते सगळ्या गावाला दिसतं. रफूत भोकाच्या जागी कापडच पुन्हा विणायचं असतं: आधी उभे दोरे, मग त्यांच्या खालून-वरून आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वळायचं आणि परत यायचं. नवा दोरा आजी कधी तसाच्या तसा वापरत नसे. टेबलाखाली एक बादली होती, तीत कडकडीत पाणी घालून ती दोरा भिजवायची, पिळायची, वाळवायची. एकदा नाही, तीनदा. कारण कपडा जुना असतो, धुऊन धुऊन आखडायचा तेवढा आखडलेला. त्यात नवा दोरा गेला आणि पहिल्या धुण्यात आखडला, की तो शेजारचं कापड ओढून घेतो आणि चुण्या पडतात. "दोऱ्याला आधीच रडून घेऊ द्यावं," आजी म्हणायची, "म्हणजे मग तो कपड्याला रडवत नाही."

नात बाराव्या वर्षी रफू शिकली ती अशी, बघून बघून आणि प्रश्न विचारून विचारून. पुढे ती विज्ञान शिकली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. आई दूरच्या शहरात नर्स, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे नातीचा जेवणाचा डबा आजीच भरायची, आणि तयार झालेले कपडे नात कामावर जाता-येता गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची.

गेल्या वर्षी आजीच्या बोटांचे सांधे वाटाण्याएवढे फुगले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर थांबा म्हणाले. आणि एके सकाळी बॅन्डमास्तरांचा पांढरा कोट पोचवायला नेताना नातीने सवयीने त्याची मागची बाजू पाहिली, आणि मग तो तसाच उलटा खिडकीशी नेला.

आजीच्या रफूची मागची बाजू पुढच्याइतकीच साफ असायची. इथे प्रत्येक वळणाशी दोरा सैल सुटला होता. फार नाही, सुईच्या नेढ्याएवढा. तिने मोजलं: सव्वीस वळणं, सव्वीसही सैल.

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या पोरीने त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. विचारलं तर आजीला कळणार, की तिचं काम नातीला खटकलं. त्यापेक्षा कोट तिने प्रयोगशाळेत नेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना तिने तो भिंगाखाली घेतला, आजीचे दोरे एकेक करून उसवले, आणि तोच दोरा घेऊन, नाही पुरला तिथे त्याच रिळाचा नवा घेऊन, घट्ट रफू केलं. एकही वळण सैल नाही. संध्याकाळी कोट पोचवला.

"काय म्हणाले बॅन्डमास्तर?" घरी आल्यावर आजीने विचारलं.

"खूश झाले."

"झाले ना?"

"अगदी."

"मग बरं," आजी म्हणाली.

असे वर्षभरात चौतीस कपडे झाले. ते तिने वहीत तारखेने टिपून ठेवले होते, कारण टिपून न ठेवता काही करणं तिला जमतच नसे. इतर खुणाही ती बघत होती. आजी आधी डबा कसा भरायची, चार खण, चमचा, सगळं साग्रसंगीत. उन्हाळ्यापासून डब्यात फक्त गुंडाळलेलं काहीतरी येऊ लागलं, उभ्या उभ्या एका हाताने खाता येईल असं. "आजी थकली हो," ती बाबांना म्हणाली होती. "स्वयंपाकही होईना तिच्याने."

मग एका मंगळवारी सकाळी आजी उठलीच नाही.

अकरा कपड्यांतला पहिला होता हेडबाईंचा टेबलक्लॉथ. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण ते त्यांना कोणी कळवलं नसावं.

"ये. चपला बाहेर काढ. तिथे नाही. तिथेही नाही. हां, तिथे." त्यांनी टेबलक्लॉथ उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाशी नेला. "हं. हे बरं जमलंय तिला."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे नीट. शेवटी शेवटी तिचा हात गेला होता ना. वाईट वाटून घेऊ नकोस हो, वय झालं की व्हायचंच. पण आमच्यासारख्यांना तिच्या हाताची सवय, मग डोळ्यांना खुपतं."

"हात गेला होता, असं कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? थांब, दाखवते."

हेडबाई आतून एक करडा स्वेटर घेऊन आल्या. नातीने तो पाहताक्षणी ओळखला. वहीत एकोणीस नंबरला होता: करडा लोकरी स्वेटर, दोन्ही कोपरं. दोन्ही तिनेच भिंगाखाली उसवून पुन्हा केली होती, आणि दोन्हींचा तिला अभिमान होता.

डावं कोपर पिशवीचं तोंड दोरी ओढून आवळावं तसं आवळलं होतं. भोवतीची लोकर गोळा होऊन चुण्यांचं चांदणीसारखं चक्र झालं होतं.

"एका धुण्यात ही दशा," हेडबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे. उजवं जास्त होतं, डावं तेव्हा थोडंच, म्हणून तिच्याकडे नेऊन उजवंच दाखवलं मी. तिने नुसतं बोट फिरवलं त्याच्यावरून. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, 'हात गेला माझा, बाई. ठेवून जा, करून देते.' दोन दिवसांनी स्वतः घेऊन आली, तीन मजले चढून. पुढच्या धुण्यात डावं अजून आवळलं, पण ते काही मी परत नेलं नाही. पुन्हा तिचा तो चेहरा बघवला नसता."

नातीने स्वेटर उलटा केला. उजवं कोपर सपाट होतं, मुळात भोक पडलंच नव्हतं असं सपाट. त्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक वळणाशी दोरा सैल होता. आधी असेल नेढ्याएवढा, आता धुऊन धुऊन केसाएवढा उरलेला. दोरा आखडला होता, पण आखडायला त्याला जागा ठेवलेली होती. डाव्या कोपराची मागची बाजू साफ होती. एकही वळण सैल नव्हतं.

एकच स्वेटर, एकाच रिळाचा दोरा, एकच पाणी, एकच साबण. फरक फक्त हाताचा. यापेक्षा स्वच्छ प्रयोग तिने स्वतः मांडला नसता.

बाकीचं तिला तिथे उभ्या उभ्या दिसत गेलं. फुगलेल्या सांध्यांनी ओला दोरा पिळता येत नाही. टेबलाखालची बादली वर्षभर कोरडी होती. ती तिने पाहिली होती, आणि त्याचाही अर्थ म्हातारपण एवढाच लावला होता. दोरा आधी रडवणं जमेना, तेव्हा आजीने वळणाशी त्याच्या रडण्यापुरती जागा सोडायला सुरुवात केली. सत्तर वर्षांच्या बाईने आपली जन्माची पद्धत बदलली, आणि ती बरोबर बदलली. आणि सव्वीसच्या सव्वीस वळणं, एकसारख्या मापाची! गेलेल्या हाताच्या चुका कधी एका मापाच्या असतात का? एक जास्त, एक कमी, एखादी अजिबात नाही, अशा असतात. हे कळायला भिंगही लागत नव्हतं. पाण्याच्या नमुन्यात आकडे इतके सारखे आले असते, तर तिने आधी विचारलं असतं, हे मुद्दाम कोणी केलंय?

"चहा घेशील?" हेडबाईंनी विचारलं.

"नको," ती कशीबशी म्हणाली, आणि जिना उतरली.

बूटवाले काका टाच ठोकत बसले होते. तोंडात खिळे होते. ते एकेक करून काढत ते बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं खिळ्यांच्या संख्येवर अवलंबून असे.

"काका, गेल्या वर्षी आजीकडे कपडे परत यायचे?"

काकांनी एक खिळा ठोकला. मग दुसरा. मग उरलेले सगळे तळहातावर काढले, म्हणजे लांबचं बोलणं होतं. "यायचे."

"किती?"

"बरेच. बॅन्डमास्तरांचा कोट तर दोनदा, दोन निराळ्या भोकांसाठी. सगळे दुपारी. तू नसायचीस."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"तिने शपथ घातली होती." काकांनी हातोडी खाली ठेवली. "पहिल्यांदा आला ना कोट, तेव्हा ती तो घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, याच्यावर बोट फिरवा. मी म्हटलं, मला काय कळतंय, मी चामड्याचा माणूस. तर म्हणाली, 'हे माझं नाही. पोरीचं आहे. किती सुंदर केलंय बघा. फक्त धुण्याचा विचार नाही केला.'"

नातीने थैली खाली ठेवली.

"मी म्हटलं, मग सांग ना तिला. तर म्हणाली, कसं सांगू? पोरगी जेवण सोडून बसते माझ्यासाठी. डबा भरलेला परत येतो, आणि झाकणाला लोकर चिकटलेली असते. मग तिनेच काहीतरी युक्ती काढली, डाव्या हातात धरून खाता येईल असं करून द्यायची. डबा रिकामा यायला लागला, म्हणून मला येऊन सांगितलं होतं. इतकी खूश होती त्या दिवशी."

ती काकांच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. काकांनी बूट बाजूला सारला आणि खिळे तोंडात न घालता तसेच बसून राहिले.

"पण ती लोकांना सांगायची, हात गेला म्हणून," शेवटी ती म्हणाली.

"मग काय सांगायचं होतं? माझी नात उसवते म्हणून?"

"हो! तेच सांगायचं होतं! खरं होतं ते!"

"पोरी," काका म्हणाले, "तू तिच्यापासून लपवत होतीस, ती तुझ्यापासून लपवत होती. मी मध्ये बसून दोघींना बघत होतो. मला वाटायचं, आज ना उद्या एक तरी बोलेल."

चाळीस वर्षं आजीने भोकं बुजवली, आणि या रस्त्यावर तिची शेवटची आठवण काय उरली होती? हात गेला होता बिचारीचा. उसवणारी नात, आणि बिचारी आजी. लोकांच्या तोंडी ते वाक्य तसंच राहिलं, तर आजी तशीच राहणार होती. ती उठली. कपड्यांची थैली काकांकडे ठेवली, घरी जाऊन वही आणली, आणि पुन्हा हेडबाईंचे तीन मजले चढली.

"काय विसरलीस?" दार उघडत हेडबाई म्हणाल्या.

"डावं कोपर आजीचं नाही. माझं आहे."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. जेवणाची सुट्टी, भिंग, घट्ट वळणं, बादली, वही, सगळं. हेडबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि हे त्यांच्या अख्ख्या नोकरीत कधी घडलं नसावं. सांगून झाल्यावर त्या बराच वेळ स्वेटरच्या बाहीची कड बोटांनी सरळ करत राहिल्या.

"तू तिला विचारलं का नाहीस?"

"तिला वाईट वाटेल म्हणून."

"हं." मग त्यांचा आवाज बदलला. "मी काय बोलले होते तिला, माहितीये? म्हणाले, 'आता बास करा, लोकांचे चांगले कपडे खराब होतात.' अशी तोंडावर. आणि ती म्हणाली, 'हो बाई, बरोबर आहे तुमचं.' ज्याने चूक केली नाही त्याने असं मान खाली घालून ऐकून घ्यायचं? माझ्या वर्गात मी असं कधी होऊ दिलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "आणि हे मी चार ठिकाणी बोलले."

"कुठे कुठे?"

"चार म्हणजे काय चार असतात का! सगळीकडे बोलले."

"मी डावं पुन्हा करून देते," नात म्हणाली. "तिच्यासारखं. सैल सोडून."

"त्याने काय होणार?" हेडबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. त्यांनी स्वेटर घडी करून छातीशी धरला. "वहीत अजून किती आहेत?"

"तेहतीस."

"मग इथे काय उभी राहिलीस? जा."

बॅन्डमास्तर पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर राहायचे. तीस वर्षं पितळी वाद्यांच्या ऐन मधोमध उभं राहून त्यांचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्यांनी दार उघडलं, तिला ओळखलं, आणि लगेच चेहरा पाडला.

"आजी गेल्याचं कळलं गं. फार वाईट झालं. शेवटी हात चालत नव्हता, पण काम सोडलं नाही म्हातारीने."

"हात चालत होता," ती म्हणाली.

"आं?"

"तिचा हात चालत होता! तुमचा कोट मी बिघडवला!"

"कोट? कोट आत आहे. काय झालं कोटाला?"

"मी!" तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आवाज आता जिन्यात घुमत होता. "आजीने नीट केला होता! मी उसवला आणि चुकीचा शिवला! दोनदा! तिने स्वतःवर घेतलं!"

बॅन्डमास्तर तिच्या ओठांकडे एकटक बघत होते. त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही कोण जाणे, पण पोरगी रडते आहे हे दिसत होतं. त्यांनी दाराची दुसरी फळी उघडली आणि बाजूला झाले. पण वरच्या मजल्यांवर दारं उघडली होती. एक बाई कठड्यावरून वाकली, हात ओले होते तिचे.

"कोण गं? काय झालं? कोणाचा हात चालत नव्हता?"

नातीने नाक पुसलं, मान वर केली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली.